व्याज कशाला म्हणावे?

अर्थशास्त्राची इंग्रजी पुस्तके मराठीत आणू पाहणाऱ्यांना ज्या शब्दांनी सर्वांत अधिक छळले असेल, त्यांत 'इंटरेस्ट' या शब्दाचा क्रम बराच वरचा लागेल. शब्द दिसायला साधा, शाळकरी मुलालाही ठाऊक असलेला. परंतु बँकेच्या खातेपुस्तकात त्याचा अर्थ व्याज असा होतो, खरेदीखतात हक्क असा होतो, जनहित याचिकेत हित आणि निवडणुकीच्या सभेत हितसंबंध; घरगुती बोलण्यात तो नुसता रस किंवा गोडी होऊन बसतो. एखाद्या व्यवहारात आपल्याला 'इंटरेस्ट' नाही असे सांगणारा गृहस्थ गोडीविषयी बोलत आहे की लाभाविषयी, हे पुष्कळदा त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. मराठीने हे सारे अर्थ वेगवेगळ्या शब्दांत वाटून घेतले आहेत, ही मराठीची सोय होय. मात्र जेथे मूळचा एक शब्द मराठीत पाच होऊन उतरतो, तेथे पाचांतला कोणता घ्यावा हा प्रश्न केवळ भाषेचा राहत नाही. त्या निवडीबरोबर कोणाचा तरी पैसा आणि कोणाची तरी जमीन इकडची तिकडे होत असते.

या शब्दाचा पूर्वेतिहास उद्बोधक आहे. लॅटिनमधील मूळ क्रियापदाचा अर्थ 'मध्ये असणे' आणि त्यावरून 'फरक पडणे'. मध्ययुगीन युरोपात ख्रिस्ती धर्मपीठाने कर्जावर मुद्दलापेक्षा अधिक काहीही घेणे पाप ठरविले होते आणि त्या अधिकाला 'यूझरी' हे नाव होते. तथापि ऋणकोने ठरल्या वेळी पैसे परत केले नाहीत तर धनकोला जी तोशीस लागते, तिची भरपाई मागण्यास धर्मशास्त्र्यांची हरकत नव्हती. पैसे वेळेवर मिळाले असते तर धनकोची जी स्थिती राहिली असती ती, आणि प्रत्यक्षात झाली ती, या दोहोंमधील अंतर म्हणजे 'इंटरेस्ट'. म्हणजे मुळात हा शब्द कर्जाच्या मोबदल्याचा नव्हेच, तो नुकसानभरपाईचा. पुढे व्यापार वाढला, धर्मपीठाचा धाक ओसरला आणि भरपाईच्या सभ्य पांघरुणाखाली मोबदलाही आला. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळी, १५४५ साली, कायद्याने शेकडा १० पर्यंत व्याजास मुभा मिळाली. १५५२ साली ती काढून घेण्यात आली आणि १५७१ साली पुन्हा वाट मोकळी झाली. तेव्हापासून 'यूझरी' हा शब्द केवळ अवाजवी व्याजापुरता उरला आणि 'इंटरेस्ट' प्रतिष्ठित झाला. नाव बदलताच पापाचे पुण्य झाले, असे म्हणणे थोडे कठोर होईल. पण अगदीच खोटे होणार नाही.

खुद्द अर्थशास्त्रज्ञांनीही या शब्दाची ओढाताण काही कमी केलेली नाही. १७७६ साली ॲडम स्मिथने खाटीक, मद्य गाळणारा आणि पाववाला यांच्या ज्या प्रेरणेचा उल्लेख केला, ती मराठीत बहुधा 'स्वार्थ' या नावाने येते. त्यामुळे स्मिथ हा आपमतलबाचा पुरस्कर्ता होता असा समज विद्यार्थ्यांत सहज पसरतो. 'स्वहित' हा शब्द वापरला असता तर त्याच्यावरील निम्मे आरोप टळले असते. केन्सच्या १९३६ च्या ग्रंथाच्या नावातच रोजगार आणि पैसा यांच्यामध्ये व्याज बसलेले आहे. आणि तोच ग्रंथ संपताना 'इंटरेस्ट' हा शब्द दुसऱ्या अर्थाने, प्रस्थापितांचे हितसंबंध या अर्थाने पुढे येतो. इंग्रजी वाचकाला या दोहोंतील नाते निदान कानाला जाणवते. मराठी वाचकाला ते जाणवण्याचे कारण नाही.

मराठीतील 'व्याज' या शब्दाची कथा तर याहूनही गमतीची. संस्कृतात व्याज म्हणजे कपट, मिष, बहाणा. स्तुतीच्या मिषाने निंदा केली की व्याजस्तुती अलंकार होतो, हे अलंकारशास्त्र शिकलेल्यांना ठाऊक आहे. त्याच शब्दापासून 'निर्व्याज' झाला. निर्व्याज प्रेम आणि बिनव्याजी कर्ज ही एकाच शब्दाची दोन नकारार्थी रूपे मराठी माणूस सुखेनैव वापरतो आणि त्या दोघांची सोयरीक त्याच्या ध्यानीमनीही येत नाही. प्राचीन ग्रंथकारांचे शब्द मात्र निराळे होते : वृद्धी आणि कुसीद. कौटिल्याने शंभर पणांवर दरमहा सव्वा पण ही वृद्धी धर्म्य मानली. परंतु व्यापाराच्या कर्जाला पाच, अरण्यातून माल नेणाऱ्यांना दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांना वीस पण, असे चढते दरही नोंदविले. जोखीम जितकी मोठी तितके व्याज अधिक, हे तत्त्व त्यात स्वच्छ दिसते. गोव्याकडे व्याजाला आजही कळंतर म्हणतात. तो शब्द जुन्या मराठीतही होता, देशावर तो लोपला.

याखेरीज देशी सावकारी व्यवहाराची म्हणून एक शब्दसंपत्ती होती. कर्ज देतानाच जी रक्कम कापून घेतली जाई ती मनोती. पेरणीच्या वेळी धान्य उसने देऊन सुगीला वाढवून घ्यायचे ती वाढीदिढी. व्याजावर व्याज ते चक्रवाढ, आणि व्याज मुद्दलाच्या बरोबरीला पोहोचले की पुढे थांबावे असा जो निर्बंध, तो दामदुपट. हा शेवटचा निर्बंध मनुस्मृतीइतका जुना. यावरून जुना सावकार साव होता असे कोणी समजू नये. तो तसा नव्हता, आणि याचा पुरावा महाराष्ट्राच्या इतिहासात जागोजागी आहे. सांगायचे ते इतकेच, की कुळाच्या गळ्याला जो जो दोर लागे, त्या प्रत्येकाला त्याच्या भाषेत स्वतंत्र नाव होते. किती गेले हे त्याला कळत नसेल. कशापायी गेले हे कळत असे.

१८५५ साली हिंदुस्थान सरकारने, इंग्लंडमधील आदल्या वर्षीच्या कायद्याचा कित्ता गिरवून, व्याजदरावरील बंधने उठविली. उभयपक्षी जो दर ठरेल तो न्यायालयाने द्यावा, असे ठरले. मुंबई इलाख्यात हिंदू ऋणकोपुरता दामदुपटीचा नियम न्यायालयांनी त्यानंतरही मानला, हे खरे. पण तो चुकविण्याची युक्ती सोपी होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली होती. ती भरत आली की जुना रोखा रद्द करावयाचा, तुंबलेले व्याज मुद्दलात मिळवावयाचे आणि त्या बेरजेचा नवा रोखा कुळाकडून लिहून घ्यावयाचा. कालचे व्याज आज मुद्दल झाले. आता दामदुपट मोजायची ती या नव्या मुद्दलापासून! १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी जो उठाव सुरू झाला आणि पुढे पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला, त्यात शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या दप्तरांतील रोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. सरकारने नेमलेल्या आयोगाच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने न्यायाधीशाला रोख्यामागे जाऊन मूळ व्यवहाराचा हिशेब पाहण्याचा अधिकार दिला आणि शेतकऱ्यांचे दस्त गावच्या निबंधकासमक्ष लिहिले जावेत अशी तरतूद केली. कागदावर कोणता शब्द पडतो यावर माणसाचे घर अवलंबून असते, याची ती सरकारी कबुलीच होती.

या अनुभवातूनच १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यातील व्याजाची व्याख्या जन्मली असावी. मुद्दलाहून अधिक अशी कर्जापोटी द्यावी लागणारी कोणतीही रक्कम, मग तिला नाव काहीही दिलेले असो, ती व्याजच, असे ती व्याख्या सांगते. त्यातील 'नाव काहीही दिलेले असो' या चार शब्दांत सुप्याचा सारा धडा सामावला आहे. प्राप्तिकराचा १९६१ चा कायदा करणाऱ्यांनाही हे शहाणपण पुढे सुचले. त्यात घालण्यात आलेल्या व्याजाच्या व्याख्येत कर्जाबाबत घेतलेले सेवाशुल्क आणि इतर आकार यांचाही समावेश होता. सावकाराला बांधताना आणि कर गोळा करताना राज्यसंस्थेला व्याज कशाला म्हणावे हे नेमके समजते. अडचण उभी राहते ती कर्जदार बँकेच्या किंवा वित्तकंपनीच्या दारात उभा असतो तेव्हा. तेथे व्याज म्हणजे ज्याला कागदावर व्याज म्हटले आहे तेवढेच. बाकीचे सारे प्रक्रिया शुल्क, दस्तऐवज शुल्क, सेवा आकार, विम्याचा हप्ता. १९८४ पासून बँकिंग नियमन कायद्यात असेही कलम आहे, की व्याजाचा दर अवाजवी आहे एवढ्या कारणावरून बँकेचा व्यवहार न्यायालयाने पुन्हा उघडू नये. पुढे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळ आणि गुजरात येथील प्रकरणांत असा निर्णय दिला, की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तकंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. नियमन एकाच हाती असावे, हे त्यामागचे तत्त्व चुकीचे म्हणता येणार नाही. पण 'नाव काहीही दिलेले असो' ही ढालही त्याबरोबर कर्जदाराच्या हातून गेली.

ही गोष्ट किती रुपयांची आहे, ते एका साध्या उदाहरणावरून पाहता येईल. एका गृहिणीने शिलाईयंत्रासाठी १०,००० रुपये कर्ज घेतले. दर 'शेकडा १२', मुदत एक वर्ष, हप्ते बारा. दर सरळ धरल्यामुळे व्याज १,२०० रुपये आणि हप्ता ९३३ रुपये ३३ पैसे. तिला वाटते, आपण १२ टक्के देतो. परंतु पहिला हप्ता फेडल्यापासूनच मुद्दल कमी होऊ लागते आणि वर्षभराची सरासरी बाकी १०,००० नसून साडेपाच हजारांच्या आसपासच राहते. घटत्या बाकीवर हिशेब केला तर हाच दर वर्षाला जवळजवळ साडेएकवीस टक्के होतो. आता त्यात प्रक्रिया शुल्क म्हणून २०० रुपये आधीच कापून हातात ९,८०० ठेवले, तर तो २५ टक्क्यांच्या वर जातो. कागदावर मात्र 'व्याज' या शब्दापुढे शेवटपर्यंत १२ हाच आकडा राहतो. कोणीही खोटे बोललेले नाही. नामे तेवढी वाटून दिली आहेत. ते २०० रुपये म्हणजे शुद्ध मनोती. आजीने तो शब्द ऐकताच ओळखला असता. नात 'प्रक्रिया शुल्क' वाचते आणि सही करते.

नाव बदलणे हे सर्वच वेळी फसवे असते असेही नाही. थकबाकीवर बँका जो दंड लावीत, तो पूर्वी दंडव्याज म्हणून मूळ दरातच मिळविला जाई आणि पुढे त्यावरही व्याज चढे. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले, की या दंडाला व्याज म्हणू नये; तो दंडात्मक आकार मानावा आणि मुद्दलात मिळवून त्यावर आणखी व्याज काढू नये. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. एका नामाच्या जागी दुसरे नाम आले आणि चक्रवाढीचे एक चाक निखळले. गंमत अशी, की ज्या अर्थाने 'इंटरेस्ट' हा शब्द मध्ययुगात जन्मला, म्हणजे उशिराची भरपाई, त्याच अर्थातून त्याला येथे हाकलून देण्यात आले आहे!

चक्रवाढीचे मुख्य चाक मात्र जागेवर आहे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे मान्य केले, की करारानुसार वा प्रस्थापित बँकिंग प्रथेनुसार मुद्दलात मिळविलेले व्याज पुढे मुद्दलच होय. कायद्याच्या दृष्टीने यात तर्कदोष नाही. ज्याला आपले व्याज वेळेवर मिळाले नाही त्याने त्या रकमेचे तेवढे कर्ज नव्याने दिले असे मानता येते, आणि ठेवीदारालाही बँक चक्रवाढीनेच व्याज देते, याचा विसर पडू देता कामा नये. तरीपण नवा रोखा लिहून घेण्याच्या जुन्या रीतीशी याचे साम्य नजरेआड करता येत नाही. हे साम्य रिझर्व्ह बँकेलाही जाणवले असले पाहिजे. कारण लघु आणि अत्यल्प भूधारक शेतकऱ्यांच्या अल्पमुदतीच्या कर्जात एकूण व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, असे बंधन तिने आपल्या परिपत्रकांतून बँकांवर घातले. ही दामदुपटच. परिपत्रकात तो शब्द नाही, म्हणून ज्याच्यासाठी ती आहे त्याला तिचा पत्ता नाही. बँकेच्या शाखेत जाऊन 'माझी दामदुपट झाली' असे म्हणणारा शेतकरी आज विरळा. त्याचे म्हणणे समजणारा व्यवस्थापक त्याहून विरळा.

व्याजाच्या अर्थाने हा शब्द खिशाला झोंबतो, तर हक्काच्या अर्थाने जमिनीला. भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्यात मोबदल्यावर दावा सांगणाऱ्याला जे नाव होते, ते मराठी नोटिशींत 'हितसंबंधित व्यक्ती' असे उतरले. आता वृत्तपत्री मराठीत हितसंबंध हा शब्द जवळजवळ शिवीसारखा झाला आहे. हितसंबंधी मंडळी म्हणजे पडद्याआडून सूत्रे हलविणारे धनदांडगे. मग बांधावर राबणारे कूळ किंवा अर्धेलीने कसणारा माणूस ती नोटीस वाचून ती आपल्यासाठी आहे असे कसे समजणार? २०१३ च्या कायद्याने या संज्ञेत कुळे, वाटेकरी, वनहक्क गमावणारे आदिवासी आणि ज्यांची उपजीविका मुख्यतः त्या जमिनीवर चालते अशांनाही आणले. कायद्याने दार उघडले, पण दारावरची पाटी जुनीच राहिली. 'हक्कदार' किंवा 'जमिनीशी संबंध असलेला' असा साधा शब्दप्रयोग अधिक उपयोगी पडला असता. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यात 'व्हेस्टेड इंटरेस्ट' ही तर अत्यंत सोज्ज्वळ संज्ञा आहे : ताबा मिळण्यापूर्वी माणूस वारला तरी वारसांकडे जाणारा पक्का हक्क. तोच शब्दप्रयोग विधिमंडळात उच्चारला की समोरच्याची कीर्ती काळवंडते.

व्याजाच्या बाबतीत मात्र सुधारणेची संधी अगदी हाताशी आलेली आहे. एप्रिल २०२४ च्या आदेशान्वये, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या सर्व किरकोळ कर्जांसाठी आणि लघुउद्योगांच्या मुदतकर्जांसाठी कर्जदाराला 'मुख्य तथ्य विवरण' देणे बँकांवर आणि वित्तकंपन्यांवर बंधनकारक झाले. त्यात व्याज आणि सर्व आकार मिळून वर्षाला एकंदर किती टक्के पडतात, तो एकच आकडा द्यावयाचा आहे. विवरणात नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून घेता येणार नाही. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे आणि त्याला समजावून सांगितले जावे, असेही आदेशात म्हटले आहे. १९४६ च्या व्याख्येतील तत्त्वच येथे वेगळ्या मार्गाने परत आले आहे आणि त्याचे स्वागत केले पाहिजे.

परंतु 'समजणारी भाषा' म्हणजे देवनागरी लिपी नव्हे. मराठी कागदपत्रांत तो एकंदर आकडा 'वार्षिक टक्केवारी दर' या नावाने येतो. टक्केवारीही दरच आणि दरही टक्केवारीच. या शब्दसमूहातून व्याज हा एकच आवश्यक शब्द तेवढा गळालेला आहे. वाचणाऱ्याला वरच्या ओळीतील व्याजदर १२ आणि खालच्या ओळीतील हा दर २५, यांचा परस्परांशी संबंध काय ते कळण्यास मार्ग नाही. घाईच्या काउंटरवर तो समजावून सांगितला जाईल अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे ठरेल. महाराष्ट्रात भाषा संचालनालय आहे. अर्थशास्त्राचा परिभाषा कोश त्याने सिद्ध केला आहे. राज्यस्तरीय बँकर्स समितीही आहे, जिच्या बैठकांत पीककर्जाची उद्दिष्टे ठरतात. या दोघांनी एकत्र बसून विवरणाचा एक मराठी नमुना तयार करणे हे काही महिनोन्महिन्यांचे काम नव्हे. त्यात 'सर्व आकार धरून पडणारे वर्षाचे व्याज' अशी एक ओळ ठळक अक्षरांत असावी. दर सरळ आहे की घटत्या बाकीवर, हे त्याच ओळीखाली लिहावे. कापून घेतलेल्या रकमेपुढे 'हातात प्रत्यक्ष मिळणारी रक्कम' द्यावी. लहान शेतकऱ्याच्या पीककर्जाच्या कागदावर दामदुपटीची मर्यादा, त्या शब्दासकट, छापावी. आणि नमुना कायम करण्यापूर्वी तो एखाद्या बचतगटाच्या बैठकीत वाचून दाखवावा. ज्या ओळीपाशी तेथील बाया अडतील, ती ओळ बदलावी.